नव्या अंगणवाडी सेविकेला: गुटगुटीत मुलं आणि प्लास्टिक

अगं, मूल जाड दिसलं की लगेच आईला ‘काय खायला घालतेस?’ म्हणून फैलावर घेऊ नकोस. खाणं, खेळणं, झोप ही कारणं मोठीच. पण काही रसायनांवरही संशय आहे. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्रुन आणि ब्लुमबर्ग या शास्त्रज्ञांनी त्यांना ‘ओबेसोजेन’, म्हणजे लठ्ठपणा आणणारी रसायनं, असं नाव दिलं. पूर्वी जहाजांच्या रंगात असायचं ते ट्रायब्युटिलटिन हे रसायन गरोदर उंदरिणींना दिलं, तर पिल्लांत चरबी वाढली. ते पेशीतला पीपीएआर-गॅमा नावाचा खटका दाबतं. मग हाड होऊ शकली असती ती मूळ पेशी चरबीची होते. वजन उतरलं तरी या पेशी आकसतात, संख्येने फारशा घटत नाहीत. माणसांत अजून नुसता संबंध दिसलाय, तेव्हा कुणाला घाबरवू नकोस.

आधी गरोदर बायकांशी बोल. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार, त्यात गरम चहा-आमटी पिशवीतून आणतात! उष्णता आणि तेल, दोन्हींमुळे प्लास्टिकमधली रसायनं जास्त सुटतात. शेंगाचटणी काचेच्या बरणीत, डबा स्टीलचा. बीपीए हे प्लास्टिकमधलं असंच एक संशयित रसायन; पण ‘बीपीए-फ्री’ लेबलावर माझा फारसा भरवसा नाही. बदली आलेलं बीपीएस त्याच्याच भावकीतलं. आणि वजन करताना पोराला कुणी ‘ढोल्या’ म्हटलं, तर तिथल्या तिथे गप्प कर.