ग्राहक संघटना पैसे वसूल करून देते का?

प्रश्न : आमच्या सोसायटीतील बारा कुटुंबांनी एका पर्यटन कंपनीकडे सहलीचे पैसे आगाऊ भरले होते. कंपनीने ऐनवेळी सहल रद्द केली आणि आता ‘पुढच्या सहलीत वळते करून घेऊ’ एवढेच सांगते. ग्राहक संघटना आमचे पैसे वसूल करून देईल का? त्यासाठी तिचे सभासद असावे लागते का? — एक वाचक, मिरज

उत्तर : वसुलीचा आदेश देण्याचा अधिकार संघटनेला नाही, तो जिल्हा ग्राहक आयोगाचा आहे. मात्र संघटनेचे पत्र गेल्यावर सूर बदलणाऱ्या कंपन्याही असतात, कारण पत्रामागे नीट लावलेली कागदपत्रे आणि आयोगापर्यंत जाण्याची तयारी आहे, हे त्यांना कळते. म्हणून कार्यकर्त्यांना भेटण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाची पावती, बँकेतील नोंद, सहलीचे माहितीपत्रक आणि रद्द केल्याचा संदेश तारखेसह एकत्र करा. ‘वळते करून घेऊ’ हे उत्तर फोनवरच मिळाले असेल, तर तेच ईमेलवर लेखी मागून घ्या; तोंडी आश्वासन पुढे सिद्ध करणे फार कठीण जाते.

सभासदत्वाची अट कायद्यात नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार नोंदणीकृत स्वयंसेवी ग्राहक संघटना आपला सभासद नसलेल्या ग्राहकाच्या वतीनेही तक्रार दाखल करू शकते. तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीतच करता येते. कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मोबदल्याची, म्हणजे सहलीसाठी भरलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्कही नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

एकेकाची तक्रार सोडवणे हा या संघटनांच्या कामाचा एक भाग झाला. १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी स्थापन केली, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदा यायला वीस वर्षे अवकाश होता. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून सभासद कुटुंबांना एकत्र खरेदी करून महिन्याचा किराणा पुरवत आली आहे. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरने तर आयुर्विमा महामंडळाची एक मुदत विमा योजना सरकारी, निमसरकारी आणि नामांकित कंपन्यांतील नोकरदारांपुरती राखण्याची अट न्यायालयात नेली, आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. शेतमजूर, फेरीवाले, लहान दुकानदार यांच्यापैकी कोणी एकटा इतकी वर्षे लढू शकला असता, असे मला वाटत नाही. अशा संस्था टिकाव्यात यासाठी ऐपतीप्रमाणे देणगी जरूर द्यावी. परंतु मिळणाऱ्या भरपाईत टक्केवारी मागणाऱ्या ‘संघटने’पासून दूर राहावे.

तक्रारीची मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे आणि पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती आपोआप वाढत नाही. तोवर ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे लिहिलेल्या कोणत्याही कूपनावर बारापैकी एकाही कुटुंबाने सही करू नये.