फुंक वाढवू नका, बारीक करा

प्रश्न : भजनात बासरी वाजवतो. सहा भोकांची, पांढरी तीनची (पेटीची तिसरी पांढरी पट्टी हा जिचा सा). रोज प्राणायाम करून दमसास वाढवला, तरी स्वराबरोबर फुसफुस येतेच आणि मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, आवाज फुटतो. फुंक आणखी जोरात हवी का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : मुळीच नको. बहुधा आताच गरजेपेक्षा जास्त हवा जाते आहे. हवेचा पातळ झोत फुंकेच्या भोकाच्या पलीकडच्या कडेवर आपटून आत-बाहेर डोलू लागतो, तेव्हा स्वर उमटतो. झोत जाड असला की बरीच हवा कडेला न लागता वरून निसटते. हीच तुमची फुसफुस. नुसता दमसास वाढवून ती फक्त जास्त वेळ ऐकू येईल.

ओठांना बोल लावण्याआधी बोटं तपासा. वरची तीन भोकं झाकून सा वाजवा. तो स्वच्छ आला, पण खाली नी, ध, प असं एकेक भोक झाकत उतरताना बिघडला, तर बोटाखालून हवा गळते आहे. बरेचदा उजव्या अनामिकेखालून. लांब बासरीवर बोटांची टोकं नव्हे, पेरांचा सपाट भाग टेकवा, तोही न दाबता.

फुसफुस सगळ्याच स्वरांत असेल तर मात्र ओठ. खालच्या ओठाने भोकाचा साधारण एक तृतीयांश भाग झाका. गाल फुगवू नका. ओठांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी आडवी फट पुरते. बासरी बाजूला ठेवा, तळहात तोंडापासून वीतभर धरा आणि फुंका. गार लागणारा ठिपका रुपयाच्या नाण्याएवढा असावा आणि जागचा हलू नये. अख्खा तळवा गार पडला तर फट मोठी आहे.

मग तानपुरा लावून चार मात्रांत श्वास घ्या. पोट पुढे यावं, खांदे उचलू नयेत. बारा मात्रा सा धरा. शेवटच्या दोन-तीन मात्रांत स्वर उतरू लागेल, कारण झोताचा वेग पडतो. तिथे जोर लावण्याऐवजी फट किंचित आवळा आणि पोटाचा आधार सोडू नका. बारा जमल्या की सोळा.

मंद्रात आवाज फुटतो तो याच जोरामुळे: वेग वाढला की स्वर उडी मारून वरच्या सप्तकात जातो. बासरीवादक पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब बासरी शास्त्रीय बैठकीत आणली, पण तिचा खर्ज, म्हणजे खालचे स्वर, संथ फुंकेलाच वश होतो. सहाही भोकं झाकून मंद्र पंचम (खालचा प) लावा. बोटं न हलवता, फक्त ओठ थोडे पुढे काढून आणि फट अरुंद करून मध्य पंचमावर (मधल्या सप्तकातल्या प वर) जा, मग परत या. वर जाताना आवाज मोठा झाला, तर तुम्ही फुंक ढकललीत. परत येणं जास्त अवघड असतं. रोज दहा वेळा करा.

प्रश्न : वाजवताना घेरी येते. – फोंडा

उत्तर : लागोपाठ खोल श्वास सोडत राहिल्याने येते. बासरी खाली ठेवून बसा, श्वास नेहमीसारखा होऊ द्या. सुरुवातीला दहा मिनिटांचे तुकडे करा. एवढं करूनही येत राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : चतुर्थीच्या आरतीत बासरी सुरुवातीला पेटीच्या खाली लागते. शिवाय पावसात आवाज बसतो. – मडगाव

उत्तर : गार बासरी उतरलेलीच असते. आरतीआधी पाच मिनिटं भोकं झाकून आतून हलकी ऊब द्या. फुंकेच्या जोराने स्वर चढवायला गेलात तर नाद कर्कश होईल. पावसाळ्यात बांबू ओल धरतो. वाजवून झाल्यावर काठीला सुती फडकं गुंडाळून आतून पुसा आणि वाऱ्यावर, सावलीत सुकवा. ओली बासरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालाल तर आपल्याकडच्या आषाढात चार दिवसांत बुरशी धरेल. तेल लावायचं तर कोरड्या बासरीला, अगदी पातळ. फुंकेच्या भोकाच्या कडेला मुळीच नाही.