पन्नाशीनंतर लिंगाची ताठरता टिकत नाही, डॉक्टरांना सांगायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की वय ५४, डायबेटिस आहे, दोन वर्षं ताठरता टिकत नाही. फॅमिली डॉक्टर घरच्यांना ओळखतात म्हणून तोंड उघडत नाही. तर लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या गुप्तरोगाच्या पत्रकावरच्या नंबरला फोन करू का, असं विचारताय.

नका करू. मी केला होता. स्टेशनबाहेरच्या एका खोलीत एकाने नाडी धरली, 'तरुणपणीच्या चुका' म्हणाला आणि ८,००० रुपयांच्या पुड्या हातात दिल्या. शुगर किती, हेसुद्धा विचारलं नाही. चार महिने त्यात गेले.

मुंबईत पालिकेची मोठी हॉस्पिटलं आहेत, केईएम, नायर, सायन, जवळ पडेल तिथे जा. मला धास्ती होती ती केसपेपरच्या खिडकीची. मागे रांग, आणि आतून मोठ्याने "काय होतंय?" विचारलं तर? मी फक्त "युरॉलॉजी" म्हणालो, म्हणजे मूत्ररोगाचा विभाग. बाईंनी मान वर न करता कागद सरकवला.

आत मात्र मी थकव्याबद्दलच बोलत बसलो. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. शेवटी त्यानेच विचारलं, "काका, पहाटे ताठरता येते का?" येत असेल तर बहुधा मनाचा ताण, नसेल तर रक्तवाहिन्या आणि नसा बघायच्या. शिश्नाच्या धमन्या जेमतेम १-२ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३-४. त्यामुळे मेद साचला की त्रास आधी इथे दिसतो, कधी हृदयविकाराच्या दोन-चार वर्षं आधी. म्हणून त्याने एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करायला लावलं. तुम्हाला डायबेटिस आहे, या तपासण्या टाळू नका.

केमिस्टकडून सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेची गोळी, आपल्या मनाने आणू नका. छातीत दुखण्यावरचं सॉर्बिट्रेटसारखं नायट्रेट चालू असेल तर दोन्ही मिळून बीपी एकदम कोसळतं, जिवावर बेतू शकतं. बीपीच्या काही गोळ्यांनीही ही तक्रार होते. त्या बंद करू नका, बदलून मिळतात का ते विचारा.

आणि वहिनींशी बोला. माझी बायको समजत होती मला ती नकोशी झाली, मी समजत होतो तिला मी. पाळी गेल्यापासून कोरडेपणामुळे तिला दुखायचं, तेही तिने कधी सांगितलं नव्हतं. तिला स्त्रीरोगतज्ज्ञांनी इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं.

बोलणं अगदीच जड गेलं तर चिठ्ठीवर लिहून न्या: डायबेटिस किती वर्षं, ताठरता टिकत नाही दोन वर्षं. सोबत चालू गोळ्यांची पाकिटं. चिठ्ठी टेबलावर ठेवा, पुढचं डॉक्टर विचारतील.