शॉर्टस्टॉपला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : अमेरिकी बेसबॉलपटू ओझी स्मिथविषयीच्या मजकुरात 'निवृत्त शॉर्टस्टॉप' असं वाचलं. म्हणजे बेसबॉलमधला यष्टिरक्षक का? आणि मराठीत 'अल्परोधक' म्हटलं तर चालेल का?

यष्टिरक्षक नव्हे. फलंदाजाच्या मागे बसतो तो कॅचर. शॉर्टस्टॉप उभा राहतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धावताना गाठायच्या टप्प्यांच्या) मधे. बहुतेक फलंदाज उजव्या हाताने खेळतात, त्यामुळे सरपटी चेंडू त्याच्याकडे फार येतात, आणि फलंदाज ज्याकडे धावतो त्या पहिल्या बेसपर्यंतची फेक तिथून लांबची.

या नावातला 'शॉर्ट' अंतराचा आहे. १८५० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबमध्ये डॉक अ‍ॅडम्स या जागेवर खेळू लागले. तेव्हाचा चेंडू इतका हलका की सीमेकडून केलेली फेक पिचरपर्यंत (बेसबॉलमधल्या गोलंदाजापर्यंत) पोचत नसे. अलीकडे उभं राहून ती घ्यायची आणि पुढे द्यायची, हे या खेळाडूचं काम.

म्हणून 'अल्परोधक' मला अजिबात पटत नाही. त्यातून थोडंच अडवणारा असा अर्थ निघतो, आणि स्मिथच्या बाबतीत तर तो अन्यायच. १९७८ साली सान डिएगोकडून पदार्पणाच्याच मोसमात त्याने जेफ बरोजचा फटका अडवायला दुसऱ्या बेसमागे झेप घेतली. चेंडू अचानक उसळून मागे निघाला. अंग हवेत असतानाच त्याने ग्लोव्ह नसलेला उजवा हात मागे नेऊन तो पकडला, उठला आणि पहिल्या बेसवर फेकून बरोजला बाद केलं! पुढे सेंट लुईसकडून तो १९९६ पर्यंत खेळला. १९८० ते १९९२ सलग तेरा गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार. १९ मोसमांत होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) अवघे २८, तरी २००२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, पहिल्याच मतदानात निवड झाली, ती मुख्यतः क्षेत्ररक्षणाच्या जोरावर.

क्रिकेटमध्ये आपण यष्टिरक्षक, क्षेत्ररक्षक असे शब्द रुळवले, पण स्लिप, गली, पॉइंट या जागा तशाच ठेवल्या. शॉर्टस्टॉपही तसाच राहू द्यावा. तो जागेलाही लागतो, खेळाडूलाही. 'स्लिपला उभा' म्हणतो तसं 'शॉर्टस्टॉपला खेळायचा' सहज म्हणता येतं. वाचक नवखा असेल तर पहिल्या उल्लेखात 'दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक' एवढा खुलासा जोडावा, पुढे नुसतं शॉर्टस्टॉप लिहावं.