टाळेबंदीतली स्वच्छ हवा आणि तिची किंमत

प्रश्न : २०२० च्या टाळेबंदीत आमच्या इमारतीच्या गच्चीवरून येऊरचे डोंगर अगदी स्वच्छ दिसत. दर वर्षी आठ-दहा दिवस मुंबई बंद ठेवली, तर पर्यावरणाला हातभार लागणार नाही का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : हवा स्वच्छ झाली होती, हे खरेच आहे. मात्र वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड हवेत काही तासच टिकतो. त्यामुळे गाड्या थांबताच तो घटला आणि त्या सुरू होताच परतला. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके टिकतो, आणि मे २०२० मध्ये, निम्मे जग घरात बसलेले असताना, हवाईतील मौना लोआ वेधशाळेत त्याचे प्रमाण दशलक्षांत ४१७ भागांपर्यंत चढले होते. शिवाय मुंबईत एप्रिल-मेमध्ये समुद्रावरचा वारा तसाही धूळ-धूर वाहून नेतो, म्हणून थंडीतल्या कोंदट हवेशी तुलना करून सगळे श्रेय टाळेबंदीला देता येणार नाही.

किंमत मात्र जबर होती. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन, पहिल्या अंदाजानुसार, २३.९ टक्क्यांनी आकसले. घरून काम करणाऱ्यांचा पगार बहुधा चालू राहिला. फेरीवाले, नाका कामगार आणि घरकाम करणाऱ्या बायका यांची कमाई मात्र लोकल थांबली त्याच दिवशी थांबली.

धारावीच्या तेरा कंपाउंडचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. तिथे शहरभरातून आलेले प्लास्टिक रंग आणि जातीनुसार निवडले जाते, धुतले जाते, दळून त्याचा दाणा केला जातो. टाळेबंदीत माल येणे थांबले आणि कामगार गावी गेले. त्यातच कच्च्या तेलाचे भाव कोसळले, अमेरिकेतला तेलाचा वायदा, म्हणजे पुढे माल घेण्याच्या कराराचा भाव, तर २० एप्रिलला शून्याखाली गेला. तेल उतरले की तेलापासून बनणारा नवा दाणा स्वस्त होतो आणि भंगारातल्या प्लास्टिकला भाव मिळत नाही. म्हणजे मास्क, हातमोजे, पीपीई किट यांचा कचरा वाढत असतानाच, टाकाऊ प्लास्टिक पुन्हा वापरात आणणारी माणसे बेकार झाली होती. पर्यावरणाचा हा तोटा गच्चीवरून दिसत नव्हता.

त्यामुळे आठ-दहा दिवसांच्या बंदला माझा स्पष्ट विरोध आहे; त्यात रोजंदारीवरच्या माणसाची चूल विझेल आणि हवा अकराव्या दिवशी पहिल्यासारखी होईल. बेस्टच्या गाड्या वाढवणे, बांधकामांची धूळ झाकणे, कचेऱ्यांच्या वेळा विभागणे ही कामे वर्षभर करता येतात, आणि त्यासाठी कोणाचाही रोजगार बुडवावा लागत नाही.