प्रयोगशाळेत वाढवलेले आतडे रुग्णाला बसवता येईल का?

प्रश्न : रक्ताच्या गुठळीमुळे माझ्या धाकट्या भावाच्या आतड्याचा रक्तपुरवठा अचानक बंद पडला आणि लहान आतड्याचा बहुतेक भाग काढून टाकावा लागला. आता सुमारे 60 सेंटिमीटर आतडे उरले असून ते शाबूत मोठ्या आतड्याला जोडलेले आहे. त्याला रोज रात्री शिरेवाटे पोषण घ्यावे लागते. रुग्णाच्याच पेशींपासून नवे आतडे तयार करता येते, असे वाचनात आले. त्यासाठी थांबावे का? त्याच्या पेशी आताच साठवून ठेवाव्यात का?

उत्तर : असे आतडे आज नेहमीचा उपचार म्हणून कोठेही बसवले जात नाही. तरीही या संशोधनात काय साधले आणि कोठे अडले, हे समजून घेतले तर निर्णय घेणे सोपे जाईल.

आतड्याच्या अस्तरातील पेशी दर चार-पाच दिवसांनी नव्याने तयार होतात, कारण अस्तराच्या खोलगट भागांत मूळपेशी दडलेल्या असतात. हान्स क्लेव्हर्स यांच्या नेदरलँड्समधील गटाने 2007 मध्ये या मूळपेशी ओळखल्या आणि 2009 मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी एकेका मूळपेशीपासून अस्तराचे सूक्ष्म गोळे, म्हणजे ऑर्गॅनॉइड, वाढवून दाखवले. पुढे लंडनमधील गटाने आतडे निकामी झालेल्या मुलांच्या पेशींपासून ऑर्गॅनॉइड वाढवले, मूळच्या पेशी धुऊन काढलेल्या आतड्याच्या सांगाड्यावर ते पसरले आणि पचन व शोषण करू शकणारे अस्तर मिळवले. हे काम 2020 मध्ये प्रसिद्ध झाले.

अस्तराचा प्रश्न असा बऱ्याच अंशी सुटला. अडले आहे ते नळीपाशी. आतड्याला अन्न पुढे ढकलणारे स्नायूंचे थर लागतात, त्या स्नायूंची लय सांभाळणारे मज्जातंतूंचे जाळे लागते आणि स्निग्ध पदार्थ वाहून नेणाऱ्या रसवाहिन्याही लागतात. यांहून अवघड बाब रक्तवाहिन्यांची आहे, कारण मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपेक्षा जाड ऊतीला केवळ झिरपणारा प्राणवायू पुरत नाही आणि तिच्या आतल्या पेशी मरू लागतात. प्रयोगशाळेतला सुबक तुकडा आणि शरीरात काम करणारे हातभर आतडे यांच्यातले खरे अंतर हेच आहे, आणि बातम्यांमध्ये नेमके तेच गाळले जाते.

म्हणूनच मला सर्वांत व्यवहार्य वाटणारी कल्पना नळी नव्याने बांधण्याची नसून असलेली नळी वापरण्याची आहे. जपानमधील सातो यांच्या गटाने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांच्या मोठ्या आतड्याच्या एका तुकड्यातील अस्तर काढून त्या जागी लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचे ऑर्गॅनॉइड रुजवले आणि तो तुकडा लहान व मोठ्या आतड्याच्या संधीपाशी आणून बसवला. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू आयतेच मिळाले. पाचकरस सतत वाहू लागल्यावर त्या अस्तरावर शोषणासाठी लागणारे व्हिलाय नावाचे सूक्ष्म उंचवटे उभे राहिले आणि स्निग्धांश शोषणाऱ्या रसवाहिन्याही तयार झाल्या. लहान आतडे काढलेल्या उंदरांची प्रकृती यामुळे लक्षणीय सुधारली. ज्यांच्यात मोठ्या आतड्याचेच ऑर्गॅनॉइड रुजवले होते, ते मात्र दगावले. माणसाच्या बाबतीत मोठ्या आतड्याचे अस्तर जंतूंनी भरलेल्या पोकळीत सुरक्षितपणे आणि पुरेशा लांबीवर बदलणे, ही यापुढची अडचण आहे.

आपल्या भावाचे मोठे आतडे जोडलेले आहे, ही जमेची बाजू आहे. ते पाणी शोषते आणि न पचलेल्या कर्बोदकांपासूनही काही ऊर्जा मिळवून देते. उरलेले लहान आतडे शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन वर्षांपर्यंत स्वतःला जुळवून घेत असते, त्यामुळे 60 सेंटिमीटर लांबी सीमारेषेवरची असली तरी शिरेवाटे पोषण कमी होण्याची आणि काही रुग्णांत ते थांबण्याचीही शक्यता असते. अस्तराची वाढ घडवणारे टेडुग्लुटाइड हे इंजेक्शन 2012 पासून वापरात आहे. ते त्यांना योग्य आहे का, हे पोटविकारतज्ज्ञांना विचारावे. मोठ्या आतड्यातील गाठींची तपासणी त्याआधी करून घ्यावी लागते. दात्याच्या आतड्याच्या प्रत्यारोपणाचा विचार मुख्यतः यकृत बिघडू लागल्यास, कॅथेटरचा (पोषणासाठी शिरेत बसवलेल्या नळीचा) जंतुसंसर्ग वारंवार होऊन जिवावर बेतत असल्यास किंवा कॅथेटरसाठी शिरा उरत नसल्यास केला जातो, कारण त्यानंतर शरीराने ते आतडे नाकारू नये म्हणून आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात.

पेशी साठवून ठेवण्याची गरज नाही. उरलेल्या आतड्यातून एंडोस्कोपीच्या वेळी चिमूटभर नमुना घेऊनही ऑर्गॅनॉइड वाढवता येतात. त्यापेक्षा लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला गेला आहे का, हे शस्त्रक्रियेच्या अहवालात पाहावे. तो गेला असल्यास बी-12 जीवनसत्त्व अन्नातून शोषले जात नाही आणि त्याची इंजेक्शने नियमित घ्यावी लागतात.