गेम अडतोय? आधी बघा दमतंय कोण

सुट्ट्या लागल्या की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. एरवी प्रिंटर, वायफाय, पासवर्ड विसरलो वगैरे, आणि आता सगळे जुन्या लॅपटॉपवर पीएसटूचे, म्हणजे जुन्या प्लेस्टेशन टू कन्सोलचे, गेम चालवतायत. म्हणून यावेळी त्याच्यावरचेच प्रश्न घेतलेत, बाकीच्यांनी थोडं थांबा.

प्रश्न : दादा, माझ्याकडे भावाचा जुना लॅपटॉप आहे, आय-थ्री ५००५यू, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. त्यावर पीसीएसएक्सटू (लॅपटॉपला पीएसटूचं सोंग घ्यायला लावणारा एम्युलेटर) टाकून गॉड ऑफ वॉर टू लावला. पहिली दहा-पंधरा मिनिटं बऱ्यापैकी चालतो, मग एकदम स्लो मोशन होतो आणि आवाज फाटतो. व्हिडिओ बघून बघून सगळ्या सेटिंग बदलून झाल्या, आता मूळ काय होतं तेही आठवत नाही. पीएसटूचा प्रोसेसर म्हणे ३०० मेगाहर्ट्झचा होता, माझा २ गिगाहर्ट्झचा आहे, मग हा अडतोच कसा? — एक वाचक, लातूर

उत्तर : तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू जाता जाता लिहिलीयस, "पहिली दहा-पंधरा मिनिटं बऱ्यापैकी चालतो" ही. सेटिंग चुकली असती तर पहिल्या मिनिटापासून रडला असता. पंधरा मिनिटांनी रडतो म्हणजे लॅपटॉप तापतोय, आणि तापला की प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच स्पीड कमी करतो. खात्री करून घे. विंडोजचं टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक कर, ग्राफच्या खाली स्पीड लिहिलेला असतो. गेम चालू करायच्या आधी तो आकडा बघ आणि गेम रडायला लागला की लगेच परत बघ. आधी २ च्या आसपास आणि नंतर १.२, १.१ असं काही दिसलं तर चोर सापडला. (चार्जर लावूनच बघ हं. बॅटरीवर विंडोज मुद्दाम हात आखडता घेतं, आणि कमी वॉटचा लोकल चार्जर लावला तरी काही लॅपटॉप तसंच करतात.)

आता लातूरचा मे महिना, खोलीच बिचारी चाळिशीला टेकलेली, त्यात लॅपटॉप गादीवर ठेवून खेळत असशील तर खालची जाळी बंद म्हणजे फॅन तरी काय करणार. टेबलावर ठेव, मागच्या दोन कोपऱ्यांखाली एकेक जाड वही सरकव, खालून हवा आत जाऊ दे. एवढ्यानंही फरक दिसतो. पण खरं काम आतलं आहे. इतक्या वर्षांत फॅनच्या तोंडाशी धुळीची नमद्यासारखी घट्ट पट्टी बसलेली असते आणि प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपला एका दुकानात "मदरबोर्ड गेला" म्हणून सांगितलं होतं, दुसरीकडे उघडला तर आतून पाऊण मूठ धूळ निघाली, नवी पेस्ट लावली, आजपर्यंत चालतोय. स्वतः उघडणार असशील तर ब्लोअर मारताना फॅनचं पातं काडीने अडवून धर, तो जोरात गरगरला तर बिघडू शकतो. हात थरथरत असेल तर जाणत्याकडे दे आणि समोर बसून करून घे.

राहिला ३०० मेगाहर्ट्झचा प्रश्न, तो अगदी रास्त आहे. पीएसटूचा मुख्य प्रोसेसर, त्याला इमोशन इंजिन म्हणतात, खरंच २९५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालायचा. पण तो एकटा नव्हता ना. त्याच्यासोबत गणितं करणारी दोन व्हेक्टर युनिट, चित्र काढणारी वेगळी चिप, आवाजाची वेगळी, कंट्रोलर आणि डिस्क सांभाळायला आणखी एक प्रोसेसर, सगळे एकाच वेळी एका तालात. पंगतीत सहा वाढपी एकामागून एक निघावेत तसं, वरण गेलं की भात, भाताच्या मागे तूप. तुझ्या आय-थ्रीत कोअर दोन, म्हणजे दोघांनी ते सहाही जणांचं वाढायचं, आणि वर यजमानाची, म्हणजे गेमची, भाषा वेगळी असल्यामुळे प्रत्येक वाक्याचं आधी भाषांतर करायचं. म्हणून २ गिगाहर्ट्झ पुरत नाहीत. चित्राच्या चिपमध्ये मेमरी फक्त ४ एमबी होती पण तिची डेटा ये-जा करायची वाट सेकंदाला ४८ जीबीची. तुझ्या लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी असेल तर ती वाट जास्तीत जास्त १२.८ जीबी, त्यातून सीपीयूही पाणी भरणार आणि ग्राफिकही. धूर, पाऊस, चमक, सावल्या असं थरावर थर असलेलं दृश्य आलं की गेम बसतो तो यामुळे, आणि गॉड ऑफ वॉर टूमध्ये तर दुसरं काही नसतंच.

तापण्याचं मिटलं की सेटिंगकडे ये. पहिलं काम, सगळ्या सेटिंग डिफॉल्टवर आण, रिसेटचं बटण आहे. ते व्हिडिओवाले कोणाच्या लॅपटॉपवर काय चालवतात ते त्यांनाच माहीत. मग पीसीएसएक्सटूच्या ऑन-स्क्रीन डिस्प्लेमध्ये जाऊन स्पीड, सीपीयू वापर आणि जीपीयू वापर दाखवायला सांग. गेमच्या कोपऱ्यात आकडे येतील. स्पीड १०० च्या खाली उतरताना ईईचा (म्हणजे इमोशन इंजिनचा) आकडा शंभरीला टेकला असेल तर प्रोसेसर दमलाय, आणि ईई निवांत असून जीपीयूचा आकडा चढला असेल तर ग्राफिक दमलंय. दोघांची औषधं वेगळी आहेत, आणि लोक हेच न बघता एकाचं औषध दुसऱ्याला पाजतात.

ग्राफिक दमलं असेल तर इंटर्नल रिझोल्यूशन नेटिव्हवर, म्हणजे मूळ पीएसटूइतकं, आण. तू बहुतेक ३एक्स केलं असशील, चित्र झकास दिसतं ना. पण ३एक्स म्हणजे तिप्पट काम नाही, रुंदी तिप्पट आणि उंचीही तिप्पट म्हणजे नऊपट ठिपके. रेंडरर, म्हणजे चित्र काढायची पद्धत, डायरेक्टथ्रीडी ११ ठेव. सगळे "व्हल्कन कर व्हल्कन कर" म्हणतात पण तुझ्या प्रोसेसरमधल्या एचडी ५५०० ग्राफिकला विंडोजवर व्हल्कन मिळतच नाही, इंटेलने ते पुढच्या पिढीपासून दिलं. ब्लेंडिंग अॅक्युरसी बेसिकवर, त्याच्या वर नको. आणि सॉफ्टवेअर रेंडररच्या वाटेला जाऊच नकोस, तो चित्राचं सगळं ओझं परत त्याच दोन कोअरवर टाकतो.

प्रोसेसर दमला असेल तर तुझ्या हातात फारसं काही नाही, खरं सांगतो. एमटीव्हीयू नावाची टिक आहे, ती व्हेक्टर युनिटचं काम वेगळ्या थ्रेडवर टाकते, चार कोअरवाल्यांना वरदान पण दोन कोअरवर कधी फायदा कधी उलटा तोटा, तेव्हा एकच सीन दोनदा खेळून बघ, एकदा टिक लावून एकदा काढून. दुसरं म्हणजे ईई सायकल रेट. डिफॉल्ट १०० टक्के, तो ७५ केला की नकली पीएसटूचा प्रोसेसरच मंद होतो आणि तुझ्या लॅपटॉपचं ओझं हलकं होतं. पण इथे मीटर फसवतो. कोपऱ्यात स्पीड १०० टक्के दिसत राहील आणि गेम मात्र आतल्या आत फ्रेम गाळत असेल, धक्के खात चालेल, मग तू परत मला पत्र लिहिशील की शंभर टक्के दाखवतो तरी अडतो. ७५ वर बघ, ५० वर जाऊ नकोस.

पैसे खर्च करायचेच तर आधी रॅम. खाली दुसरा स्लॉट रिकामा आहे का बघ, असेल तर पहिल्यासारखीच डीडीआर३एल ४ जीबीची जुनी पट्टी लाव. ती वरची १२.८ ची वाट २५.६ होते, ग्राफिकला मोकळा श्वास मिळतो आणि विंडोजही कुरकुरायचं थांबतं.

एवढं करूनही मोठमोठ्या राक्षसांच्या सीनला हा लॅपटॉप पूर्ण स्पीड देणार नाही, ही आशा सोड. गॉड ऑफ वॉरचा नायक क्रेटॉसच हवा असेल तर पीएसपीवर, म्हणजे हातात धरायच्या प्लेस्टेशनवर, त्याचे दोन गेम आले होते, २००८ चा चेन्स ऑफ ऑलिम्पस आणि २०१० चा घोस्ट ऑफ स्पार्टा. पीएसपीची स्क्रीनच ४८० बाय २७२ ची, काम कितीतरी हलकं, पीपीएसएसपीपी या पीएसपीच्या एम्युलेटरला वेगळा बायोस (कन्सोल सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) ही लागत नाही. गेम बाकी तुझ्या स्वतःच्या कॉपीवरूनच घे. हेच पीएसटूच्या बायोसचं, तो आपल्याच कन्सोलमधून काढायचा असतो. दर महिन्याला कोणीतरी "लिंक पाठवा" म्हणून लिहितं, नाही पाठवणार.

प्रश्न : मुलगा म्हणतो एसएसडी घेऊन दे, मग पीएसटूचे गेम पळतील. दहावीचं वर्ष संपलंय म्हणून नाही म्हणवत नाही, पण खरंच उपयोग आहे का? — एक आई, नाशिक

उत्तर : ताई, लॅपटॉप पळेल, गेम नाही. मूळ पीएसटू डीव्हीडीवरून सेकंदाला साधारण ५ एमबी वाचायचा, तुमच्या घरातली जुन्यातली जुनी हार्ड डिस्क त्याच्या कितीतरी पट वाचते, त्यामुळे एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) तिथे अडलेलेच नसतात. पण विंडोज टेन हार्ड डिस्कवर असेल तर मागे अपडेट, अँटिव्हायरस असं काहीबाही चालू झालं की गेमला मध्येच उचक्या लागतात. त्याला म्हणावं टास्क मॅनेजरमध्ये उचकी लागते त्या क्षणी डिस्कचा रकाना दाखव. तिथे १०० टक्के दिसले तर त्याचं बरोबर, द्या घेऊन. तसंही कॉलेजला लॅपटॉप लागेलच आणि चालू व्हायला तीन मिनिटं घेणारा लॅपटॉप तुम्हालाही नकोय.

प्रश्न : माझ्याकडे इथेच घेतलेला पीएसटू होता, त्याच्या डिस्क अजून आहेत. आता त्या लॅपटॉपच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये घालून खेळतो. स्पीड १०० टक्के दाखवतो पण एफपीएस काही केल्या ५० च्या वर जात नाही. यूट्यूबवर सगळ्यांचे ६० येतात. शिवाय मध्येमध्ये गेम दोन सेकंद थिजतो. — एक वाचक, म्हापसा

उत्तर : तुमचं काही बिघडलेलं नाही, ५० हेच पूर्ण आहे. आपल्याकडे टीव्हीची पद्धत पाल, आपली वीज ५० हर्ट्झची तसं त्या पद्धतीत चित्रही सेकंदाला ५० वेळा, म्हणून इथे अधिकृत विकल्या गेलेल्या डिस्कही पाल. यूट्यूबवरच्यांच्या अमेरिकन किंवा जपानी, त्या ६० च्या. उलट जुन्या लॅपटॉपला हे बरंच आहे, दर सेकंदाला दहा फ्रेम कमी बनवायच्या. कॅमेरा फिरवताना बारीक धक्के जाणवतील कारण लॅपटॉपची स्क्रीन ६० हर्ट्झची, ५० चित्रं ६० खणांत सारखी बसत नाहीत. काही पाल गेम सुरुवातीलाच ५० की ६० विचारतात, तिथे ६० निवडून बघा, झेपलं तर ठीक, नाहीतर मागे या.

थिजण्याचं कारण ड्राइव्ह. तो मध्येच झोपतो आणि गेमने काही मागितलं की घरघर करत परत फिरायला लागतो. डिस्कची एकदा आयएसओ फाइल, म्हणजे हुबेहूब नक्कल, करून घ्या आणि ती चालवा, थिजणं जाईल आणि डिस्कही झिजणार नाहीत. त्यांत २००९ चा देसी अड्डा असेल, ज्यात चक्क कबड्डी आणि विटीदांडू आहे, तर त्याची आयएसओ सगळ्यात आधी करा.

प्रश्न : गेम बूस्टर सॉफ्टवेअरने एफपीएस वाढतात का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. ते मागचे प्रोग्राम बंद करतं आणि त्या बदल्यात स्वतः मागे बसून राहतं. ब्राउझरच्या वीस टॅब हाताने बंद केल्यास तर त्याच्यापेक्षा जास्त रॅम सुटेल.